पडद्यावरचे नातेवाईक

आम्ही सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहास आणि उर्दू हे आमचे विषय. उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची सवय जडली, ती मराठीत लिहितानाही सुटत नाही, म्हणून हे 'आम्ही'. त्यात मोठेपणाचा आव नाही.

आम्हाला सिनेमाचं वेड आहे. मोहल्ल्यात ते सर्वांना ठाऊक आहे आणि फारसं कौतुकाने घेतलं जात नाही. शिक्षकाने सिनेमाला जावं का, यावर जुम्याच्या नमाजनंतर दोन-तीनदा आमच्यासमोरच चर्चा झाली आहे. एका बुजुर्गांनी तर आम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, "मास्टर, आप तो पढ़े-लिखे आदमी." आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी तिकीट काढलं.

हे वेड लागलं ते फुप्पूमुळे. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, कडक शिस्तीचे. मशिदीच्या पंचांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. घरात टीव्ही आणायची कुणाची छाती नव्हती. रविवारी दुपारी चार वाजता दूरदर्शनवर सिनेमा लागे आणि पलीकडच्या गल्लीत एका चादरवाल्यांच्या घरी खिडकीशी उभं राहून तो पाहता येई. फुप्पू ओसरीत विड्या वळत बसलेली असे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. ती नुसती डोळ्यांनी खूण करी. दादांनी विचारलंच तर "दुकान कू भेजी मैं" एवढं सांगून मोकळी होई. बदल्यात तिची एकच अट होती. परत आल्यावर तिला सबंध सिनेमा सांगायचा.

आम्ही सांगायचो आणि ती हात न थांबवता ऐकायची. मध्येच प्रश्न विचारायची. हीरोची आई मेल्यावर त्या घरात भाकरी कोण करतं? एवढ्या मोठ्या हवेलीत पाणी कोण भरतं? 'मेरे मेहबूब'ची गोष्ट सांगितली तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ये लोगां काम कब करते?" आम्हाला भेटलेली पहिली समीक्षक म्हणजे फुप्पू.

तिचा प्रश्न बरोबर होता. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३), 'पाकीज़ा' (१९७२) या सिनेमांत मुसलमान म्हणून जी माणसं दिसली, ती नवाब होती, शायर होती, कोठ्यावरची होती. त्यांची उर्दू ऐकत राहावी अशी. आमच्या घरी मात्र दखनी बोलली जाई, आणि झुंबराच्या जागी चाळीसचा बल्ब असे. बी.एड.च्या वर्षी 'गर्म हवा' (१९७३) पाहिला. त्यातले बलराज साहनींचे सलीम मिर्झा आग्र्यात जोडे बनवण्याचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर बँक त्यांना कर्ज देत नाही, घर हातचं जातं. तेव्हा प्रथमच वाटलं की हे गृहस्थ आपल्या गल्लीत राहत असते तर आपण त्यांना सलाम केला असता. तेव्हापासून कोणताही सिनेमा पाहताना आम्ही त्यात एखादा नातेवाईक शोधत असतो. कधी सापडतो, बहुतेकदा नाही.

२०२५ या एका वर्षात लागोपाठ काही सिनेमे आले आणि आमच्या या खोडीची परीक्षाच झाली. त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

सुरुवात फेब्रुवारीत 'छावा'ने झाली. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला आणि महाराष्ट्रात घराघरांतून माणसं तो पाहायला निघाली. आम्ही दुसऱ्या रविवारी गेलो. थिएटर गच्च भरलेलं. लहान मुलं भगवे फेटे बांधून आलेली.

सिनेमा म्हणून पाहिलं तर विकी कौशलने जीव तोडून काम केलं आहे. शेवटचा छळाचा भाग पाहताना आमच्याही डोळ्यांना पाणी आलं. अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलतो, टोपी विणत बसतो आणि थंडपणे मारतो. हे काम वरच्या दर्जाचं आहे. तक्रार आहे ती पटकथेविषयी. संभाजीराजे संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारे विद्वान होते. नऊ वर्षं त्यांनी मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा अनेक आघाड्यांवर लढत राज्य राखलं. पडद्यावर मात्र एकामागून एक लढाया आणि आरोळ्या येतात. वाचणारा, विचार करणारा, कारभार पाहणारा राजा फार थोडा भेटतो. बापाविरुद्ध बंड करून त्यांच्या आश्रयाला आलेला शहजादा अकबर सिनेमात आहे. त्या काळी धर्माची रेघ किती वाकडीतिकडी होती, हे त्या एका प्रसंगातून उलगडता आलं असतं. सिनेमा तिथे फारसा थांबत नाही. आणि मराठ्यांच्या आरमारातल्या दौलतखानाचं नाव कुठे तरी ऐकू येईल म्हणून आम्ही तीन तास कान टवकारून बसलो होतो. आम्हाला ते ऐकू आलं नाही.

औरंगजेबाची वकिली आम्हाला करायची नाही. त्याने भावांना मारलं, बापाला कैदेत ठेवलं, संभाजीराजांना हाल हाल करून ठार केलं. सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा काळ आहे. बालभारती तेच पुस्तक उर्दूतही छापते आणि दर वर्षी आम्ही तो धडा शिकवतो. वेगळं काही शिकवत नाही.

सिनेमा संपला तेव्हा दिवे लागायच्या आत घोषणा सुरू झाल्या. सगळं थिएटर उभं राहिलं. आम्हीही उभे राहिलो. कुणी तरी "संभाजी महाराज की" म्हटलं आणि आम्ही "जय" म्हटलं. आत्ताच पडद्यावर ज्यांचं मरण पाहून रडलो, त्यांचा जयजयकार करण्यात अवघड काहीच नव्हतं. तरी तो शब्द तोंडातून निघताना आम्ही आजूबाजूला पाहिलं. तो जय आम्ही मनापासून म्हटला की कुणी पाहत असेल म्हणून म्हटला, हे आज वर्ष उलटलं तरी आम्हाला नक्की सांगता येत नाही. सिनेमाच्या अंधारात माणूस आपलं नाव विसरतो, म्हणून तर आम्हाला सिनेमा आवडतो. त्या दिवशी अंधारातही आम्हाला आमचं नाव आठवत होतं.

सोमवारी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मैदानात क्रिकेट खेळताना पलीकडच्या आळीतली पोरं त्याला काहीबाही बोलली होती. त्याने विचारलं, "सर, औरंगजेब अपना कौन लगता?"

वर्गात कुणी हसलं नाही. म्हणजे हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हता. मुलाच्या प्रश्नाला टोलवू नये असं बी.एड.ला आम्ही शिकलो होतो, त्यावर पेपरही लिहिला होता. आणि आम्ही म्हणालो, "बैठो. ये सवाल इम्तिहान में नहीं आएगा." मुलगा बसला. आम्ही फळ्याकडे वळलो. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, पण पाठीवर चाळीस मुलांची नजर होती ती आठवते.

पुढे मार्चच्या १७ तारखेला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून हिंसाचार झाला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला आहे. त्याच सुमारास बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत होती. सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट पाहून त्यांना मोगलांचं सोनं हवं होतं. सिनेमाला लोक खरं मानतात ते असं. गंमत म्हणजे 'छावा'चं संगीत ए. आर. रहमान यांचं आणि त्यातली बरीचशी गीतं इर्शाद कामिल यांची. हे आम्ही त्या मुलाला सांगू शकलो असतो. त्या वेळी सुचलं नाही.

वर्षाच्या शेवटी 'धुरंधर' आला. त्यात तोच अक्षय खन्ना कराचीच्या ल्यारीतला रहमान डकैत झाला. एका वर्षात एकाच नटाने आमच्या नावाचे दोन खलनायक केले आणि दोन्ही उत्तम केले. आम्ही जरा धास्तावलो होतो. पण मधल्या सुट्टीत पाहतो तर आमची पोरं मैदानात हात वर करून त्या अरबी गाण्यावरचा त्याचा नाच करत होती. ज्या मुलाने आम्हाला प्रश्न विचारला होता, तोच सगळ्यांत पुढे. मुलांचं मन आपण समजतो तितकं ठिसूळ नसतं. खलनायकात ढब असेल तर ती ते बिनदिक्कत उचलतात. मात्र ढब उचलणं वेगळं आणि त्याला आपला म्हणणं वेगळं. त्यांना आपला म्हणायला दुसरं कोण दाखवलं जातं, हा खरा प्रश्न.

'छावा'नंतर दोनच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. 'छावा'त कवी कलश झालेले विनीतकुमार सिंह इथे फरोग नावाचे लेखक झाले आहेत. एकाच महिन्यात दोन लेखक, आणि दोघेही मित्रासाठी झुरणारे. रीमा कागतींचा हा सिनेमा नासिर शेख यांच्या खऱ्या गोष्टीवर आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने २००० साली मित्रांना जमवून, हाताला येईल त्या सामानातून 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्या 'सुपरमॅन'वर फैझा अहमद खान यांनी २००८मध्ये माहितीपटही केला होता.

मालेगाव म्हटलं की बातम्यांत २००६ आणि २००८चे बॉम्बस्फोट येतात. हा सिनेमा त्या वाटेला जात नाही. तो यंत्रमागाच्या खडखडाटात शिरतो. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी गावभर सिनेमाची हौस कशी उतू जाते ते दाखवतो. यातले मुसलमान कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाहीत. ते उधारी करतात, भांडतात, रुसतात, एकमेकांच्या कल्पना चोरतात. शफीक हा माग चालवणारा मजूर आहे आणि त्याला एकदा पडद्यावर उडायचं आहे. कर्करोगाने पोखरलेल्या त्या देहाला मित्र सुपरमॅनचे कपडे घालतात तेव्हा आम्ही रुमाल काढला. त्या वेळी मात्र आजूबाजूला पाहायची आठवण झाली नाही. पाहण्यासारखं कुणी नव्हतंच म्हणा. आम्हाला धरून नऊ माणसं होती. 'छावा'ने पाचशे कोटींच्या वर कमाई केली आणि हा सिनेमा आठवडाभरातच आमच्या गावातून गेला. जुम्याला आम्हाला उपदेश करणाऱ्यांपैकी कुणी त्या नऊ जणांत नसणारच, पण 'आमच्यावर चांगला सिनेमा कुणी काढत नाही' अशी तक्रार करणारेही नव्हते. ती तक्रार आम्हीही खूपदा केली आहे.

एक उणीव सांगायला हवी. या गोष्टीत मित्र आहेत, भाऊ आहेत, बायका मात्र कडेला उभ्या आहेत. नटी बाहेरून आणावी लागते, कारण मालेगावच्या घरातली बाई कॅमेऱ्यासमोर येणार नाही. सिनेमाने ते खरं तेच दाखवलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागाच्या शेजारी बसून कांड्या भरणारी बाई त्या गावात आहेच. फुप्पू असती तर तिने विचारलं असतं की ती सगळा वेळ कुठे होती.

सप्टेंबरच्या शेवटी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो होतो. संध्याकाळी सहकाऱ्यांना चुकवून 'होमबाउंड' पाहिला. 'मसान'वाले नीरज घेवान यांचा हा सिनेमा बशारत पीर यांनी २०२०मध्ये लिहिलेल्या एका लेखावरून सुचलेला आहे. टाळेबंदीत सुरतहून गावी निघालेले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. त्यांतला एक उन्हाच्या तडाख्याने वाटेत कोसळतो आणि दुसरा त्याला सोडून जात नाही. त्या दोन खऱ्या मित्रांचं रस्त्याच्या कडेचं छायाचित्र तेव्हा अनेकांनी पाहिलं असेल.

सिनेमात शोएब आणि चंदन दोघांनाही पोलिसात भरती व्हायचं आहे. वर्दी अंगावर आली की कुणी नाव विचारणार नाही, अशी त्यांची समजूत. चंदन अर्ज भरताना जात लपवतो. शोएबला नाव लपवता येत नाही. साहेबांच्या घरी भारत-पाकिस्तान सामना पाहताना सहकारी त्याची थट्टा करतात, हसत हसत, जणू घरातलीच थट्टा. तो आधी हसण्याचा प्रयत्न करतो. त्या प्रसंगात इशान खट्टरच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःच्या चेहऱ्यावर ओढून घेतलं आहे. घेवानांनी तिथे ना पार्श्वसंगीत चढवलं ना भाषण घातलं. शेवटाकडे सिनेमा थोडा रेंगाळतो, जान्हवी कपूरची भूमिका जरा घाईत आटोपल्यासारखी वाटते. तरी वर्षभरात पाहिलेल्यांत हा आम्हाला सर्वांत सच्चा वाटला.

पण या सिनेमाने आम्हाला घेरलं ते वेगळ्याच कारणाने. २०२०च्या टाळेबंदीत आम्हा शिक्षकांना नाक्यावर ड्यूटी होती. हैदराबाद रस्त्याने चालत येणाऱ्या मजुरांची नोंद करायची. नाव, गाव, कुठून आले, कुठे चालले, मोबाइल नंबर, ताप आहे का. आम्ही रजिस्टर भरत होतो. त्या एप्रिलमध्ये टीव्हीवर रोज काय चाललं होतं ते वाचकांना आठवत असेल. आमच्यापुढे उभा राहून एखादा मजूर नाव सांगताना आवाज एकदम खाली आणी, आणि आम्हाला न विचारता कळे की हा आपल्यातला. आमच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. आम्ही एकदाही मान वर करून "मैं भी" असं म्हटलं नाही. तसं म्हणायला काही लागत नव्हतं. पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढचं नाव लिहिलं. पुण्याच्या त्या थिएटरात ते रजिस्टर आमच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं. त्यात शोएबही असतील, चंदनही. ते पुढे घरी पोहोचले का, हा रकाना त्यात नव्हता.

नोव्हेंबरच्या ७ तारखेला 'हक़' आला. शाहबानो खटल्यावरून सुचलेला म्हणून गाजत होता. खरं सांगायचं तर आम्ही तो पाहण्याआधीच त्यावर काय टीका करायची ते ठरवून ठेवलं होतं. मुसलमान बाईचे अश्रू बाहेरच्यांना फार प्रिय असतात, तिच्या भाकरीची चिंता मात्र कुणी करत नाही, असं एक वाक्यही तयार होतं. जाहिरात मोबाइलवर पाहत होतो तेव्हा शेजारी बसलेली फुप्पू म्हणाली, "मेरेकू बी लेके चल." तिला त्रेसष्टावं वर्ष चालू आहे. चाळीस वर्षांत ती थिएटरची पायरी चढलेली नव्हती. बुरखा घालून, गुडघ्याला पट्टा बांधून ती आमच्या मोटारसायकलवर मागे बसली.

'हक़' चांगला सिनेमा आहे, आणि हे आम्हाला कबूल करावं लागतं. सुपर्ण वर्मांनी भडकपणा बराच टाळला आहे. यामी गौतमची शाझिया बानो रडते कमी, विचारते जास्त. इम्रान हाश्मीचा वकील नवरा गोड बोलणारा आहे, दाढी कुरवाळणारा राक्षस नाही, आणि म्हणूनच त्याची चीड येते. शाझियाचे वडील मौलवी आहेत. दानिश हुसैन यांनी ते केले आहेत. हा मौलवी बाप मुलीच्या पाठीशी उभा राहतो. असा मौलवी हिंदी पडद्यावर क्वचितच दिसतो.

तरीही आमच्यातला मास्तर गप्प बसेना. खऱ्या शाहबानो इंदूरच्या. १९३२मध्ये लग्न झालं, १९७८मध्ये तलाक मिळाला तेव्हा वय बासष्ट होतं. उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे मंजूर केले आणि तेवढ्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २३ एप्रिल १९८५ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सिनेमातली शाझिया मात्र तरुण आहे, सुंदर आहे, लहान मुलांची आई आहे. ही तडजोड आम्हाला खटकली. मध्यांतरात वडापाव खाता खाता आम्ही ते फुप्पूला सांगितलं.

ती म्हणाली, "बुड्ढी कू कौन देखने आता रे टिकीट निकालके? जवान दिखाए तोच लोगां कू रहम आता."

हे आमच्या तयार वाक्यापेक्षा फार चांगलं होतं.

सिनेमा संपल्यावर ती लगेच उठली नाही. माणसं निघून गेली. आम्ही विचारलं, कसा वाटला? ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "उसका बाप कोर्ट तक आया."

फुप्पूची गोष्ट आम्हाला ठाऊक होती, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. १९८५मध्ये, बाविसाव्या वर्षी, दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन ती माहेरी परत आली. नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. तिला ना मेहर मिळाला ना पोटगी. दादांनी तिला घरात घेतलं, यासाठी आम्ही लहानपणापासून दादांचं मोठेपण ऐकत आलो आहोत. घरात घेतलं आणि पुढे सुपावर बसवलं, हे त्या मोठेपणात सांगितलं जात नसे. विड्या वळून तिने मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं. दादांच्या औषधालाही तेच पैसे.

थिएटरच्या पायऱ्यांवर, गुडघा चोळत तिने बाकीचं सांगितलं. त्या वर्षी निकालाविरुद्ध मोहल्ल्यात सह्या गोळा होत होत्या. ते काम दादांकडे होतं. एका रात्री ते कागद घेऊन घरी आले आणि घरातल्या बायांचे अंगठे घेतले. आईचे, काकूंचे आणि फुप्पूचा. "अब्बा ने सामने रखे, मैं लगाई. क्या लिखा था वो मेरेकू नै मालूम था. शरीयत बचानेका बोले." थोडं थांबून म्हणाली, "बाद में मालूम पड्या. उस कागद पे मेरा बी अंगूठा है बेटा."

आम्हाला इतिहासाचं पुस्तक आठवलं. खुद्द शाहबानोंनीही त्याच नोव्हेंबरात दबावाखाली एका पत्रावर अंगठा उठवून तो निकाल नाकारला होता. हे आम्ही वाचलं होतं, सभेत एकदा बोललोही होतो. १९६६मध्ये हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायांचा मोर्चा काढला, १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं, २००१मध्ये दानियल लतीफी खटल्याचा निकाल काय लागला, २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२५ विषयी काय म्हटलं, हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे. आमच्या ओसरीत बसलेल्या बाईचा अंगठा कुठे उमटला आहे, हे मात्र वयाच्या सदतिसाव्या वर्षी एका हिंदी सिनेमाच्या निमित्ताने कळलं. लहानपणी आम्ही तिला शेकडो सिनेमे सांगितले. तिची गोष्ट काय, असं एकदाही विचारलं नव्हतं.

दादांवरचा आमचा जीव कमी झाला का? नाही. ते त्यांच्या काळातले, त्यांच्या भीतीतले माणूस होते. पण आता त्यांच्याविषयी लिहायचं तर हा कागदही लिहावा लागेल. तो आम्ही इथे लिहिला आहे. फुप्पूला विचारून लिहिला आहे. घरातल्या काहींना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

बाहेरचे आपल्याविषयी खोटं दाखवतात ही तक्रार खरी आहे, आणि ती करत राहायला हवी. पण आपल्या घरातलं खरं आपण कितीसं सांगतो? मालेगावच्या पोरांनी उसन्या कॅमेऱ्यावर निदान सुरुवात केली. आपण ते सोडून दिलं, आणि ज्याला हवी त्याने आपली गोष्ट उचलली. त्याने ती आपल्या सोयीने सांगितली की आपण रागावतो. 'हक़' बाहेरच्यांनी काढला हे खरं. पण तो पाहून फुप्पू चाळीस वर्षांनी बोलली, हेही खरं.

डिसेंबरात आम्ही तो धडा पुन्हा काढला. प्रश्न विचारणारा मुलगा आता आठवीत आहे, म्हणून आठवीच्याच वर्गात गेलो. म्हणालो, मागे एक सवाल अर्धा राहिला होता. औरंगजेब आपला कुणीही लागत नाही. तो एक बादशहा होता. त्याने चांगलं केलं ते त्याचं, वाईट केलं ते त्याचं. त्याचा हिशेब कुणी तुमच्याकडे मागितला तर देऊ नका, आणि त्याची बाजू घ्यायलाही जाऊ नका. मग आम्ही त्यांना दौलतखानाविषयी सांगितलं, शफीकविषयी सांगितलं, सुरतहून निघालेल्या दोन मित्रांविषयी सांगितलं. मुलगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, ये उसी दिन बोलना था." आम्ही म्हणालो, "हौ बेटा, उसी दिन बोलना था."

घरचा अभ्यास एकच दिला. आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिची एक गोष्ट विचारायची आणि लिहून आणायची. चाळीसपैकी सव्वीस वह्या आल्या. एकीत लिहिलं होतं की नानी काही सांगत नाही, नुसती हसते. त्या मुलीला आम्ही पुन्हा विचारायला सांगितलं आहे.

फुप्पू सध्या रोज संध्याकाळी विचारते की नवीन पिक्चर कधी लागतो. तिकिटाचा भाव तिला ठाऊक झाला आहे. एक टिकीट बोले तो एक दिन की बिड्यां, असा तिचा हिशेब. तरी यायला तयार आहे. अट तीच, लहानपणीसारखी एकच.

"लेकिन इस बार," ती म्हणते, "बुड्ढी वाली दिखा."

आम्ही शोधतो आहोत.